बायको-मुलीला परत पाठवू की एसआयपी थांबवू? दोन्ही नको, आधी किचनवाली खोली बघा

नमस्कार भाऊ,

तुमचा मेल मी दोनदा वाचला. एकदा आकड्यांसाठी आणि एकदा लेकीबद्दल जे लिहिलंत त्यासाठी. बाकीच्यांना समजावं म्हणून थोडक्यात सांगते. हे भाऊ कोथरूडचे, कंपनीने आठ महिन्यांसाठी नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या साइटवर पाठवलंय, नोव्हेंबरपासून नागपुरात वर्धा रोडवर सर्व्हिस अपार्टमेंटमधे तिघं राहून राहिले, भाऊ, वहिनी आणि साडेचार वर्षांची मुलगी. खोलीचं भाडं कंपनी परस्पर भरते, वर रोजचा १,५०० रुपये भत्ता. खोलीत एक केटली आणि छोटा फ्रिज, बाकी काही नाही, म्हणून तीन महिन्यांपासून सकाळ-संध्याकाळ बाहेरचंच खाणं. पुण्याच्या फ्लॅटचा ३६ हजारांचा हप्ता चालू आहे, वहिनींच्या ट्यूशनच्या बॅचेस मैत्रिणीकडे सोपवल्यामुळे ती कमाई जूनपर्यंत बंद. आता पैसे पुरत नाहीत तर मायलेकींना पुण्याला परत पाठवू, का १२ हजारांची एसआयपी (म्युच्युअल फंडात दर महिन्याला जाणारी ठरलेली रक्कम) पाच महिने थांबवू, हा प्रश्न.

माझं उत्तर, दोन्ही करू नका. का ते सांगते.

तुम्ही खर्चाचे जे आकडे पाठवले ते मी मांडले. नाश्ता रोज १८० धरून महिन्याचे ५,४००. तुम्ही दुपारी साइटच्या कॅन्टीनला जेवता, पण वहिनी आणि मुलीचं अ‍ॅपवरून ४२० चं जेवण, २२ दिवसांचे ९,२४०. रात्री तिघांचं ९५०, म्हंजे २०,९००. आणि शनिवार-रविवार दिवसाला २,१०० च्या घरात, आठ दिवसांचे १६,८००. बेरीज ५२,३४० होते. तुम्ही लिहिलंय की "भत्त्यातच भागतं", पण भत्ता महिन्याचा ४५,००० आहे, म्हणजे सात हजार दर महिन्याला खिशातून जाऊन राहिलेत आणि ते दिसत नाहीत कारण सगळं कार्डवर आहे. पुण्यात हॉटेल, किराणा, स्वयंपाकाच्या मावशी सगळं मिळून २३ हजारात भागत होतं असं तुम्हीच लिहिलंय. परगावी गेलं की "चार महिन्यांसाठी कशाला भांडी घ्यायची" असं वाटतं ना, त्या एका वाक्यापायी घरोघरी किती पैसा जातो ते मी रोज बघते.

आता परत पाठवायचा हिशोब करून पाहू, कारण वरून तो सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. वहिनी पुण्याला गेल्या तरी ट्यूशन जूनशिवाय सुरू होणार नाही, म्हणजे कमाई काही लगेच येत नाही. तिकडचं घर चाललं की १९ हजार, इकडे तुम्ही एकटे बाहेर खाणार त्याचे १६ हजार धरा, झाले ३५. आणि तुम्ही म्हणता दर पंधरा दिवसांनी जाऊन येईन. नागपूर-पुणे म्हणजे काही नाशिक-पुणे नाही. नागपुरातल्या अजनी स्टेशनवरून ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारत सुरू झाली खरी पण ती दिवसाची, जायला १२ तास, म्हणजे शनिवार गाडीतच. रात्रीच्या गाडीने गेलं तर सोमवारी सकाळी साइटवर पोचणं होत नाही, त्यामुळे तुम्ही विमानच धरलंय, जाऊन-येऊन नऊ हजार, दोन फेऱ्या १८ हजार. एकूण ५३ हजार. भाऊ, आत्ता ५२ जाऊन राहिलेत! मायलेकींना रेल्वेने जवळपास नऊशे किलोमीटर लांब ठेवून वर सहाशे रुपये जास्तच. हा पर्याय मी इथेच खोडते, आणि पैशाच्या हिशोबाने खोडते, भावनेच्या नाही.

भावनेचं पण बोलतेच, कारण तुम्ही स्वतः लिहिलंय म्हणून. मुलगी भातुकली खेळताना आता चूल मांडत नाही, टिश्यू पेपर घडी करून समोर ठेवते आणि "काका, बिल आणा" म्हणते. आणि त्या दिवशी हॉटेलात साधं वरण मागितलं तर लसणाची फोडणी घातलेली डाळ आली, तिने एक घास घेऊन वाटी सरकवली, "हे आपलं वरण नाही". हे वाचून मला आमचे रायपूरचे दिवस आठवले. २०१६ साली यांच्या कामासाठी आम्ही पाच महिने तिकडे होतो, मुलगा तीन वर्षांचा, पहिले दोन महिने सगळं बाहेरचं, त्याचं पोट सतत बिघडलेलं आणि डॉक्टर-औषधांचा खर्च मी कधी खाण्याच्या खर्चात धरलाच नव्हता. तिसऱ्या महिन्यात एक कुकर आणि एक कढई घेतली तेव्हा घर घरासारखं झालं. तुम्ही पण मुलीच्या औषधांची बिलं काढून बघा एकदा.

एसआयपी थांबवायचं म्हणाल तर पाच महिन्यांचे ६० हजार वाचतील. मुलगी एकोणीस-वीसची होईपर्यंत १५ वर्षं आहेत, वर्षाला १२ टक्के धरले (धरले म्हणते, गॅरंटी कोणीच देत नाही) तर त्याच ६० हजारांचे सव्वातीन लाखाच्या वर होतात. पण मला खरी भीती वेगळी वाटते, "पाच महिन्यांसाठी" थांबवलेली एसआयपी परत सुरू करणारे लोक मला फार कमी भेटलेत.

आणि आता ती गोष्ट जी तुम्ही मेलच्या शेवटी एका ओळीत लिहिली आणि माझ्या मते सगळ्यात आधी तीच बघायला पाहिजे होती. कार्डवर ४८ हजार बाकी आहेत आणि दोन महिन्यांपासून तुम्ही "मिनिमम ड्यू", म्हणजे बिलातली कमीत कमी भरावी लागणारी रक्कम तेवढी भरून राहिलात. कार्डचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, ४८ हजारांवर १,६८० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळपास दोन हजार रुपये महिन्याला नुसते जाळून टाकल्यासारखे. त्याहून वाईट म्हणजे बाकी ठेवली की नवीन खरेदीला ते बिनव्याजी दिवस मिळतच नाहीत, काल रात्रीच्या पनीरवर काल रात्रीपासूनच व्याज. तुमची सव्वादोन लाखांची एफडी आहे ना, साडेसहा टक्क्यांची? त्यातले ५० हजार उद्या मोडा. बँक व्याजात अर्धा-एक टक्का कापेल, कापू द्या. इमर्जन्सी फंडला हात लावू नये हे मीच सगळ्यांना सांगते, पण वर्षाला ४२ टक्क्यांनी वाढणारं कर्ज हीच इमर्जन्सी आहे. आणि कार्डाला पूर्ण रकमेचं ऑटोपे लावा, मिनिममचं नको.

हे कार्ड फुगलं का ते पण तुमच्याच मेलमधे आहे. भत्ता क्लेम टाकल्यावर ४५ दिवसांनी येतो, तोपर्यंत खर्च तुमच्या खिशातून. बऱ्याच कंपन्या लांबच्या कामासाठी टूर अ‍ॅडव्हान्स, म्हणजे खर्चाचे पैसे आधीच देतात, फक्त मागावा लागतो. अकाउंट्सवाल्यांना विचारा, लाजू नका. तो मिळाला तर कार्ड लागणारच नाही.

मग करायचं काय? एचआरने तुम्हाला दुसरा पर्याय दिलाय, सर्व्हिस अपार्टमेंट सोडा आणि महिन्याला ३० हजार रोख घ्या, स्वतः फ्लॅट बघा. मनीषनगरला २२ हजारात फर्निश्ड टू बीएचके दाखवलाय एजंटने आणि तुम्हाला वाटतंय आठ हजार सुटतील. नाही सुटणार. ते ३० हजार पगारात जोडून येणार असतील तर त्यावर टॅक्स लागेल, तुम्ही जुन्या टॅक्स रिजीममधे ३० टक्क्यांच्या स्लॅबमधे, सेस धरून ३१.२ टक्के, हातात २०,६०० च्या जवळपास पडतील. म्हणजे भाड्यालाच चौदाशेच्या आसपास कमी. वर डिपॉझिट, एजंटचं एक महिन्याचं भाडं, अ‍ॅग्रीमेंटची नोंदणी (महाराष्ट्रात ती करावीच लागते, एकूण भाड्याच्या पाव टक्का स्टॅम्प ड्यूटी आणि शहरात हजार रुपये नोंदणी फी), पोलीस व्हेरिफिकेशन, विजेचं बिल. मे महिन्यात इथे पारा ४५ ला टेकतो, एसीचं बिल स्वतःच्या खिशातून भरायचं म्हणजे किती ते पुणेकराला आधी कळत नाही. आणि हे सगळं फक्त पाच महिन्यांसाठी, त्यातही मालकाने लॉक-इन (ठरलेल्या मुदतीआधी घर न सोडण्याची अट) टाकलं तर डिपॉझिट अडकलं समजा.

त्यापेक्षा सोपं आहे. कंपनी आत्ता जेवढं भाडं देते त्याच मर्यादेत किचनवालं सर्व्हिस अपार्टमेंट मागा. सोमलवाडा, मनीषनगर, बेसा, ह्या पट्ट्यात वन बीएचके मिळतात ज्यात ओटा, सिंक, मोठा फ्रिज असतो, हॉटेलसारखं लॉबी-बिबी नसते एवढंच. कंपनीचा एक रुपया वाढत नाही, भाडं आत्तासारखंच परस्पर जातं, वीज त्यातच. एचआरला मेलमधे "लहान मूल आहे, स्वयंपाकाची सोय लागेल" एवढं कारण पुरतं.

भांड्यांचं म्हणाल तर इंडक्शन, त्यावर चालणारा कुकर, कढई, तवा, दोन पातेली, पोळपाट-लाटणं, इतवारीच्या बाजारात एका चकरेत सहा-सात हजारात होतं. पुण्याहून काही आणायच्या भानगडीत पडू नका, जाताना इथेच मावशींना देऊन टाका.

आणि मावशी लावाच, हे मी मुद्दाम वेगळं लिहिते. वहिनींना लग्नानंतर पहिल्यांदा सलग तीन महिने स्वयंपाकातून सुट्टी मिळालीय, "हॉटेल बंद" म्हणजे ती सुट्टी बंद असा अर्थ निघाला तर ही योजना दोन आठवडे पण टिकणार नाही. पोळ्या-भाजी-वरण करून जाणारी बाई साडेचार हजारात धरा. किराणा-भाजी ९ हजार, दूध-फळं अडीच हजार, आणि बाहेर खाणं महिन्यातून आठ वेळा १,२०० प्रमाणे ९,६००. झाले २५,६००. महिन्याला २६,७४० कमी, पाच महिन्यांत भांड्यांचे सात हजार वजा करून सव्वा लाखाच्या थोडं वर.

बाहेर खाणं आठ वेळा ठेवलंय ते बघितलंत ना? नागपुरात येऊन तर्री-पोहे (तिखट रस्सा घातलेले पोहे) सोडा असं मी सांगणारच नाही. रविवारी सकाळी टपरीवर तिघांनी पोहे खा, मुलीला बिनतर्रीचे. मावशींना एखाद्या दिवशी गोळाभात करायला सांगा, सांबारवडी थंडी जायच्या आत एकदा खाऊन घ्या (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, दक्षिणेतला नाही). सावजी जेवण झणझणीत असतं, ते तुम्ही दोघंच जाऊन खा. बंद करायचं ते फक्त कंटाळ्याचं खाणं, म्हंजे खोलीत जीव रमत नाही म्हणून मॉल, मॉल म्हणून फूड कोर्ट. तुमचे शनिवार-रविवारचे १६,८०० बहुतेक तिथेच गेलेत. महाराजबाग आहे, रमण सायन्स सेंटर आहे, संध्याकाळी फुटाळा तलाव आहे, आणि आता फेब्रुवारी आहे तोवर डबा घेऊन रामटेकला जाऊन या, जेमतेम ५० किलोमीटर. एप्रिलनंतर दिवसा बाहेर पडवणार नाही.

अ‍ॅपवरून मागवायचंच असेल तर त्याच हॉटेलचं मेन्यू कार्ड एकदा शेजारी ठेवून बघा, पदार्थाची किंमतच बऱ्याचदा वेगळी लावलेली असते, डिलिव्हरी आणि प्लॅटफॉर्म फी तर वरून. आणि हॉटेलच्या बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावलेला दिसला तर काढायला सांगा, तो सक्तीचा नाही, दिल्ली हायकोर्टानेही मार्च २०२५ मधे तसंच म्हटलंय.

एक गोष्ट मात्र डोक्यात ठेवा. भत्त्यातले जे १९ हजार आता उरतील ते सगळे तुमचे नाहीत. रोजचा भत्ता टॅक्समधून सुटतो तो तुमचा स्वतःचा बाहेरगावी राहण्याचा रोजचा खर्च जेवढा झाला तेवढाच, उरलेला पगार धरला जातो, आणि घरच्यांचं जेवण त्यात बसत नाही. म्हणून तुमच्या स्वतःच्या जेवणाची, कॅन्टीनची बिलं वेगळी फाइल करून ठेवा, कंपनी हा भत्ता कसा दाखवते ते लेखी विचारा आणि उत्तर येईपर्यंत महिन्याला निदान सहा-सात हजार बाजूला ठेवा, त्याला हात लावू नका.

महिन्याला जे २६,७४० वाचतील त्यातून हे सहा-सात हजार काढले की वीस हजार राहतात, त्यातून आधी मोडलेली एफडी भरून काढा, तीन महिन्यांत होईल. शेवटच्या दोन महिन्यांचे मुलीच्या सुकन्या समृद्धी खात्यात (मुलींसाठीची सरकारी बचत योजना) टाका, तुम्ही लिहिलंय की उघडायचं राहूनच गेलं. दहा वर्षांची व्हायच्या आत उघडता येतं, सध्या ८.२ टक्के आहे, कुठल्याही पोस्टात होतं, पुण्याला जायची वाट बघू नका, मुलीचा जन्मदाखला मात्र आत्ताच स्कॅन करून मागवून ठेवा आणि मूळ प्रत पुढच्या वेळी कोणी येईल त्याच्याबरोबर.

सोमवारी एचआरला मेल टाका, किचनचं आणि अ‍ॅडव्हान्सचं एकाच मेलमधे. काय उत्तर येतं ते मला कळवा, नाही म्हणाले तर काय लिहायचं ते आपण मिळून ठरवू.