लोणच्याचं तेल आणि सादळलेला चिवडा

(या वेळी घरगुती खाद्यपदार्थ विकणाऱ्या वाचकांचे पॅकिंगविषयीचे प्रश्न घेतले आहेत.)

प्रश्न: आमचा बचत गट कैरीचं लोणचं काचेच्या बरणीत भरतो. झाकण जोर लावून बसवलं तरी कुरियरने पोचेपर्यंत लेबल तेलकट होतं. परदेशी नेलेल्या बरण्या तर बॅगेत गळल्या. जास्त चांगलं झाकण घ्यावं का? (संगमेश्वर)

उत्तर: झाकणाआधी बरणीचा काठ बघा. फिरकीच्या झाकणात आतून जो मऊ वायसर असतो, तो काचेच्या काठावर सगळीकडून सारखा टेकला तरच तेल अडतं. तिथे तेलाचा ओघळ किंवा मोहरीच्या डाळीचा एक कण राहिला, की तेवढीच वाट तेलाला पुरते. मग कितीही जोर लावा, फट बुजत नाही. उलट झाकणाच्या कडेचे दात वाकतात, वायसर कापला जातो आणि गळती वाढते.

भरताना रुंद तोंडाचं नरसाळं वापरा. त्याची नळी काठाच्या खाली दीडदोन सेंटिमीटर उतरली पाहिजे, म्हणजे काठाला मसाला लागतच नाही. भरल्यावर कोरडी सुरी बरणीच्या कडेने आत फिरवा. फोडींमध्ये अडकलेली हवा वर येईल, पातळी खाली बसेल; मग वरून तेल घाला. काठाखाली 10 मिलिमीटर जागा मोकळी सोडा. उन्हात तेल फुगतं, त्याला ही जागा लागते. शेवटी काठ कोरड्या कागदाने दोनदा पुसा. ओलं फडकं अजिबात नको. पाण्याचा थेंब आत गेला तर लोणच्याला बुरशी धरेल.

प्रत्येक खेपेतल्या पाच बरण्या टिश्यू पेपरवर 24 तास उलट्या ठेवा. डाग कुठेही पडत असतील तर काठ नीट पुसला जात नाही. डाग पुन्हापुन्हा काचेच्या जोडरेषेपाशीच दिसला तर बरण्यांच्या साच्यात दोष आहे, तो माल परत करा.

विमानाची गोष्ट वेगळी. तिथे सामानाच्या भागात हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या साधारण तीन-चतुर्थांश असतो. बरणीतली हवा फुगते आणि तेलाला बाहेर ढकलते. अशा गिऱ्हाइकांसाठी प्लास्टिकचा जार घ्या आणि तोंडावर इंडक्शन सीलची चकती लावा, म्हणजे झाकणाखालची पातळ धातूची चकती, जी मशीनने बाहेरून तापवून जारच्या तोंडाला चिकटवतात. इथे तीन चुका हमखास होतात. चकती जारच्या प्लास्टिकला जुळणारी नसते, म्हणून चिकटतच नाही. पेट (पाण्याच्या बाटल्यांचं पारदर्शक प्लास्टिक) जारसाठी पेटवर बसणारीच चकती मागा. काही जण वर पत्र्याचं झाकण लावून मशीन फिरवतात, मग चकतीऐवजी झाकणच तापतं. आणि गरम फोडणी थेट ओतली जाते. साधा पेट जार 70 अंशांच्या आसपास मऊ पडून आकसतो, म्हणून लोणचं पूर्ण गार करूनच भरा.

काचेच्या बरणीला पत्र्याचं झाकण वापरत असाल तर आतून आम्लाला टिकणारा लेप असलेलंच घ्या. मीठ आणि आंबटपणा साध्या लेपाला महिन्या-दोन महिन्यांत खातात. लोणच्यावर गंजाचा ठिपका दिसलेलं गिऱ्हाईक परत येत नाही, आणि ते बरोबरच आहे.

प्रश्न: पातळ पोह्यांचा चिवडा तीन आठवड्यांत सादळतो आणि खवट वास येतो. पिशवी जाड घेतली तरी फरक नाही. (संगमनेर)

उत्तर: हे दोन वेगळे बिघाड आहेत. सादळतो तो ओलाव्याने. खवट होतो तो हवा आणि उजेड तेलापर्यंत पोचल्याने. साधी पॉलिथिनची पिशवी ओलावा बऱ्यापैकी अडवते, पण प्राणवायू तिच्यातून सहज आत जातो. जाडी वाढवून हे सुटत नाही, थर बदलावा लागतो. बाहेर 12 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चंदेरी पॉलिएस्टर आणि आत 50 मायक्रॉनचं पॉलिथिन असा पाऊच मागा. माल दिसावा म्हणून पारदर्शक खिडकीचा मोह होतो. आमचं मत स्पष्ट आहे: तेलकट फराळाला खिडकी नको. उजेड नेमका तिथूनच शिरतो.

चिवडा कोमट असताना भरला तर वाफ आतच पाणी होऊन बसते. आणि पावसाळ्यात रात्रभर परातीत उघडा ठेवला तर पोहे हवेतलं पाणी ओढतात. गार झाला की लगेच भरा, नाहीतर घट्ट डब्यात ठेवा.

मग सील. पट्टी 8 ते 10 मिलिमीटर रुंद हवी. मीठ, पिठीसाखर, तीळ पाऊचच्या तोंडाला चिकटतात आणि सीलमध्ये केसाएवढी नळी ठेवतात. जाड कागदाची सुरळी तोंडात घालून तिच्यातून भरा, तोंड स्वच्छ राहतं. तपासायला पाऊच बादलीत पाण्याखाली धरून दाबा. बुडबुडा आला की सील कच्चं. सील हाताने ओढल्यावर नुसतं सुटलं तर उष्णता कमी पडली. प्लास्टिक ताणून फाटलं तर पक्कं. मशीनवरचं टेफ्लॉन कापड काळं पडलं की बदला, ते स्वस्त असतं.

चकल्या मात्र या पाऊचमध्ये सुट्या भरू नका. काटे आतून टोचतात. ट्रे घाला.

प्रश्न: वयस्कर गिऱ्हाइकांना आमचं पाकीट फाडता येत नाही, ती दातांनी ओढतात. काय करावं? (बेळगाव)

उत्तर: दोन्ही बाजूंच्या सीलमध्ये 2-3 मिलिमीटरची खाच द्या, डावखुऱ्यांचीही सोय होते. खाच सीलची रुंदी ओलांडून आत गेली तर हवा शिरेल. झिप असेल तर खाच तिच्या वर दोन सेंटिमीटर ठेवा, म्हणजे चिमटीला पकड मिळते. आतला पॉलिथिनचा थर फार जाड असला की तो फाटण्याऐवजी ताणतो आणि चीर वाकडी जाऊन झिपमध्ये घुसते.

छापायला टाकण्याआधी घरातल्या, शेजारच्या पाच आजी-आजोबांच्या हाती नमुना द्या. बोटांना जरासं तेल लावून, चष्म्याशिवाय. कसं उघडायचं ते सांगू नका, फक्त बघा. हात जिथे आपोआप जातो तिथेच खाच हवी. या एका पायरीसाठी आम्ही आग्रह धरतो, कारण नेमकी हीच गाळली जाते.

प्रश्न: लेबलवरची तारीख पुसली जाते. (डोंबिवली)

उत्तर: तुम्ही बहुधा रिबन (शाईची पट्टी) न लागणारा, उष्णतेने छापला जाणारा कागद वापरता. तेल लागलं किंवा गाडीत तापला की तो फिका पडतो किंवा काळा होतो. रिबनवर चालणारा प्रिंटर आणि प्लास्टिक फिल्मचं लेबल घ्या. चकचकीत लॅमिनेशनवर शिक्क्याची शाई धरत नाही, म्हणून तारखेची चौकट छापताना लॅमिनेशनविना सोडायला सांगा. लेबल नव्याने करणारच आहात, तर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहा आणि शाकाहारी चिन्हही मोजा: दर्शनी भाग 100 चौरस सेंटिमीटरपर्यंत असेल तर हिरव्या ठिपक्याचा व्यास किमान 3 मिलिमीटर, त्यापुढे 500 पर्यंत 4.