आलेख अक्षाला टेकलाच नाही, तर?

प्रश्न : सर, मी दहावीत आहे. क्ष² − ४क्ष + ५ = ० सोडवताना विवेचक, म्हणजे सूत्रात वर्गमुळाखाली येणारी राशी, −४ आला. शिकवणीत सांगितलं, ‘वास्तव मुळे नाहीत’ एवढं लिही, मार्क मिळतात. मिळालेही. पण मुळं नाहीत म्हणजे नेमकं काय? माझंच काहीतरी चुकलं असं वाटत राहतं.
— एक विद्यार्थिनी, औसा तालुका (जि. लातूर)

उत्तर : बाळ, तुझं काहीही चुकलेलं नाही. मार्क पदरात पडल्यावरही तू प्रश्न सोडला नाहीस, याचा मला फार आनंद झाला.

सूत्र बाजूला ठेव आणि आलेखाचा कागद घे. य = क्ष² − ४क्ष + ५ धर. क्ष ला ०, १, २, ३, ४ या किमती दिल्यास की य येतो ५, २, १, २, ५. बिंदू हातानेच जोड, पट्टी लावू नकोस. अशा समीकरणाचा आलेख वाटीसारखा गोलसर वळतो, त्याला अन्वस्त म्हणतात; पट्टीने जोडलेले टोकदार अन्वस्त मी वर्षानुवर्षं वह्यांमध्ये तपासलेत. या अन्वस्ताचा तळ (२, १) वर आहे. मूळ म्हणजे आलेख क्ष-अक्षाला भेटतो ती जागा. तुझा अन्वस्त एक घर वरूनच माघारी वळतो.

का वळतो? तीच राशी (क्ष − २)² + १ अशी लिही. वर्ग शून्याच्या खाली जात नाही, म्हणून बेरीज १ च्या खाली जात नाही. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’त हेच कारण दिलंय : ऋण संख्या कुणाचाच वर्ग नसते, म्हणून तिला वर्गमूळ नाही.

आता हाच अन्वस्त बटर पेपरवर गिरव आणि कागद एक घर खाली सरकव. समीकरणात ५ च्या जागी ४ आले, तळ अक्षाला २ वर टेकला. आणखी एक घर सरकव, ४ चे ३ झाले, आणि अक्ष १ व ३ वर कापला गेला. आकार तोच राहिला, विवेचक मात्र −४, ०, ४ असा बदलला.

उन्हाळ्यात आडाचं पाणी खोल गेलं की दोर पुरत नाही, पोहरा वरच लोंबकळतो. दोर सोडला की बूड पाण्याला टेकतं, अजून सोडला की पाण्याची रेघ पोहऱ्याला दोन्ही बाजूंनी लागते. वर्गात मी हे बादलीत गोल बुडाची वाटी धरून दाखवायचो. मागच्या बाकावरची पोरंही उठून पुढे यायची.

अकरावीत संमिश्र संख्या शिकशील, त्यांत ऋण संख्येलाही वर्गमूळ मानतात, तेव्हा याच समीकरणाची मुळं २ + √−१ आणि २ − √−१ अशी लिहिता येतील. त्यातला २ नीट बघ, तुझ्या तळाखालचाच आहे तो.

आता ४क्ष च्या जागी ६क्ष घे. बटर पेपर कुठे सरकवावा लागतो, ते करून मला लिही.