गाठीभोवतीच्या तंतूंचा अर्थ

प्रश्न : माझ्या थोरल्या भावाच्या गालाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया नुकतीच परळला झाली. रिपोर्टमध्ये ‘गाठीभोवती डेस्मोप्लास्टिक स्ट्रोमा’ असा शेरा आहे. रोग आजूबाजूला पसरला, असा त्याचा अर्थ घ्यायचा का? (एक वाचक, भांडुप)

उत्तर : नाही, त्याचा तसा थेट अर्थ होत नाही. तोंडाच्या अस्तराखाली संयोजी ऊतकाचा थर असतो. कर्करोगाच्या पेशी त्यात उतरल्या, की टीजीएफ-बीटासारख्या रसायनांच्या प्रभावाने तिथल्या फायब्रोब्लास्ट (तंतू बनवणाऱ्या) पेशींचे रूप पालटते आणि त्या भरमसाट कोलॅजन, म्हणजे तंतुमय प्रथिन, तयार करू लागतात. जखम भरताना असेच घडते. मात्र तिथे ही प्रक्रिया वेळीच थांबते, इथे ती चालूच राहते. या तंतुमय प्रतिक्रियेलाच रिपोर्टमध्ये हे नाव दिले जाते.

या तंतूंमुळे गाठीला कुंपण पडते, हा समज बरोबर नाही. याच फायब्रोब्लास्ट पेशी जुने कोलॅजन तोडणारी विकरेही सोडतात, त्यामुळे कर्कपेशींना पुढे सरकायला वाट मिळते. पिक्रोसिरिअस रेड या कोलॅजन दाखवणाऱ्या रंगाने रंगवलेला गाठीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ध्रुवित प्रकाशात पाहिला, तर जाड, घट्ट बांधलेले तंतू तांबूस-नारिंगी आणि बारीक, विस्कळीत तंतू हिरवट-पिवळे चमकतात. ही तपासणी मुख्यतः संशोधनातली; रोजच्या रिपोर्टमध्ये ती सहसा नसते.

अशा बदललेल्या फायब्रोब्लास्ट पेशी गाठीभोवती विपुल असतील, तर मानेतल्या लसिका गाठींत रोग जाण्याची शक्यता अधिक असते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. तरीही केवळ या शेऱ्यावरून रोगाचा टप्पा ठरत नाही आणि माझ्या मते त्यावरून झोप उडवून घेऊ नये. अधिक वजन आहे ते गाठीच्या खोलीला : सध्याच्या टीएनएम वर्गीकरणात (गाठ, लसिका गाठी आणि दूरचा प्रसार यांवरून टप्पा ठरवण्याची पद्धत) गाठ 2 सेंटिमीटरच्या आत असली, तरी खोली 5 मिलिमीटरहून जास्त असल्यास ती टी-1 नव्हे, तर त्यापुढची टी-2 धरली जाते. कापलेल्या कडा, मज्जातंतूंभोवतीचा शिरकाव आणि मानेतल्या लसिका गाठी यांच्या नोंदीही डॉक्टरांकडून समजून घ्याव्यात, कारण रेडिएशन द्यायचे की नाही हे बरेचसे त्यांवर ठरते.

भावाला सुपारी किंवा गुटख्याची सवय होती का, हे आपण लिहिलेले नाही. असल्यास सबम्यूकस फायब्रोसिसचा विचार करावा लागतो. त्यात कर्करोगाआधीच अस्तराखाली कोलॅजन साचून गाल ताठर होतो आणि तोंड उघडेनासे होते; तो बदल गाठीभोवतीच्या प्रतिक्रियेहून वेगळा असून दुसऱ्या गालातही असू शकतो. म्हणून पुढच्या भेटीत दोन्ही गाल आणि तोंड किती उघडते, हे आवर्जून तपासून घ्यावे.