हात आधी पिंजऱ्यात घाल

अनेक आशीर्वाद.

डासांच्या प्रयोगशाळेत रुजू झालीस, वाचून बरं वाटलं. जनुकाचं तंत्र तू महिन्याभरात शिकशील. अळ्यांच्या पाण्यात टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक असेतो डासात घातलेलं घातक जनुक गप्प बसतं. बाहेर सोडलेल्या नराच्या पिल्लांना ते औषध कुठून मिळणार? ती मोठी व्हायच्या आतच मरतात. सगळीच मरतात असं मात्र कुणाला सांगू नकोस; शंभरात तीन-चार तगतात.

कोष निवडताना घाई करू नकोस. नराचा कोष लहान म्हणून आकारावरून काढतात, पण एखादी खुरटी मादी निसटतेच, आणि चावते ती मादीच. पंख फुटल्यावर नराच्या झुबकेदार मिशा लगेच ओळखू येतात, पण तोवर उशीर झालेला असतो.

तुला सांगायचंय ते हरियाणातल्या सोनिपतचं. १९७० च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) यांनी दिल्लीत डासांच्या जनुकीय नियंत्रणाचं काम सुरू केलं, अमेरिकेच्या पीएल-४८० या धान्यमदतीतून साठलेल्या पैशांवर. आसपासच्या खेड्यांत क्युलेक्स या गटारातल्या डासाचे वांझ नर सोडून झाले. पुढे सोनिपतला एडिस, म्हणजे पिवळा ताप आणि डेंग्यू पसरवणाऱ्या डासाचे नर, सोडायचे होते. तेवढ्यात वर्तमानपत्रांनी ‘ही जैविक युद्धाची तालीम’ म्हणून उठवलं. १९७५ मध्ये संसदेच्या लोकलेखा समितीने ताशेरे ओढले आणि काम गुंडाळलं गेलं. संशय अवास्तव होता, असं माझं मत. पण ‘पिवळा ताप आपल्याकडे नाही, मग एडिसवर हा खटाटोप कुणासाठी?’ हा प्रश्न रास्तच होता.

२०१७ च्या जानेवारीत जालन्याजवळ दावलवाडीला असे जनुक बदललेले एडिस पिंजऱ्यात तपासायला घेतले, तेव्हा मला पुन्हा सोनिपतच आठवलं. त्या भागात पाणी साठवल्यावाचून गत्यंतर नाही, आणि एडिसला तेच हवं. तुला उद्या अशाच गावात जावं लागलं, तर पिंपाजवळची बाई विचारेल, “काल मारा म्हणालात, आज सोडता होय?” तिला व्याख्यान देऊ नकोस. नरांच्या पिंजऱ्यात कोपरापर्यंत हात घाल, पाच मिनिटं तसाच ठेव. नर चावत नाही, हे तिला दिसू दे. एखादी मादी चुकून राहिली असेल नि चावली, तर तेही तिथंच कबूल कर.

आणखी एक. एडिस कमी झाला तरी गटारातला क्युलेक्स रात्री चावणारच. ‘डास तर तेवढेच आहेत’ हे ऐकावं लागेल. म्हणून कोणता डास कमी होणार, ते आधीच सांग.

माझा जुना पिंजरा माळ्यावर आहे. एका कोपऱ्यात जाळी फाटलीय, तेवढी शिवून घे.

तुझा,
काका