बॅग उशिरा, सीप्लेन हुकले

प्रश्न : निवांत सुट्टीसाठी मालदीवला गेलो, पण बॅग दोन-तीन दिवस उशिरा आणि चाक मोडून आली, शिवाय विमानाच्या विलंबामुळे बेटावर नेणारे सीप्लेनही हुकले. भरपाई मागता येईल का?

उत्तर : बॅगेसाठी नक्कीच मागता येईल. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासासाठीच्या १९९९ च्या मॉन्ट्रियल करारानुसार, सामानाची मोडतोड झाली असल्यास ते ताब्यात आल्यापासून ७ दिवसांत आणि ते उशिरा मिळाले असल्यास २१ दिवसांत विमान कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते. ही मुदत टळली, तर कोर्टाची पायरी चढूनही सहसा काही हाती लागत नाही. मधल्या काळात नाइलाजाने घेतलेल्या कपड्यांच्या पावत्या आणि चेक-इनच्या वेळी मिळालेला बॅगेच्या टॅगचा चिकट तुकडा (जो बहुतेक जण विमानातच टाकून देतात) जपला असेल, तर आपली बाजू भक्कम होते.

सीप्लेनचे गणित निराळे आहे. ती तेथे दिवसाउजेडीच उडतात, त्यामुळे संध्याकाळी उतरणाऱ्याला बहुधा विमानतळाजवळच मुक्काम करावा लागतो. दोन्ही तिकिटे स्वतंत्रपणे काढलेली असल्यास हुकलेल्या सीप्लेनची जबाबदारी विमान कंपनी सहसा घेत नाही. तेव्हा प्रवास विमा असल्यास त्यातील विलंबाचे कलम तपासावे.