वाचक विचारतात : ऑर्केस्ट्रात नुसती माणसंच वाढली का?

प्रश्न : नमस्कार दादा, मी नागपूरला प्रतापनगरात राहते. रिटायर झाल्यापासून संध्याकाळी यूट्यूबवर वेस्टर्न क्लासिकल ऐकून राहिली, बाखपासून सुरू केलं ते आता महलरपर्यंत आली. मुलगा म्हणतो आई, फरक काहीच नाही, आधी वीस-पंचवीस जण वाजवायचे मग शंभर वाजवायला लागले, एवढंच. मला हे पटत नाही पण त्याला सांगू काय?

उत्तर : नाही पटत तेच बरोबर आहे ताई. चिरंजीवांना आधी हॅन्डलचं 'म्युझिक फॉर द रॉयल फायरवर्क्स' ऐकवा. १७४९ साली लंडनच्या ग्रीन पार्कात आतषबाजीच्या सोहळ्यासाठी लिहिलेलं, आणि त्यात २४ ओबो (सनईच्या जातीचं वाद्य), १२ बॅसून (तसंच, पण खर्जातलं), ९ ट्रम्पेट, ९ हॉर्न (गोल गुंडाळलेली पितळी तुतारी)! म्हणजे गर्दी तर तेव्हाही जमवत होते नं बाप्पा. फक्त त्या २४ जणांना मिळून ओबोच्या ओळी, म्हणजे लिहून दिलेल्या वेगळ्या सुरावटी, तीनच. एक ओळ बारा जण वाजवणार, दुसरी आठ, तिसरी चार. बरोक काळात, म्हणजे बाख-हॅन्डलच्या जमान्यात, असंच चालायचं, व्हायोलिनची जी धून तीच बरेचदा ओबोही वाजवायचा, आणि खाली चेलो (खर्जातलं मोठं व्हायोलिन) नि हार्पसीकॉर्ड (पियानोच्या आधीचं, तारा छेडणारं पट्ट्यांचं वाद्य). हार्पसीकॉर्डवाल्याला संगीतकार फक्त खालचे स्वर आणि त्यांच्याजवळ काही आकडे लिहून द्यायचा, मधलं सगळं तो स्वतःच भरायचा, आपल्याकडे पेटीवाला गाणाऱ्याच्या मागे भरत जातो नं तसं काहीसं.

मग हायडन-मोझार्टच्या काळात हा हार्पसीकॉर्डवाला हळूहळू गळून गेला आणि खरी गंमत तिथून सुरू होते, कारण आता मधली जागा भरणार कोण? ते काम ओबो, बॅसून, हॉर्नकडे आलं. वर व्हायोलिनं पळत असतात आणि मागे हे लोक लांब स्वर धरून बसतात, लक्ष दिलं तरच ऐकू येतं पण काढून टाकलं तर सगळं पोकळ वाटेल. मोझार्टची ४० नंबरची सिंफनी (ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली मोठी रचना), १७८८ची, तिचे दोन अवतार आहेत. आधी क्लॅरिनेट (ओबोपेक्षा मऊ आवाजाचं फुंकवाद्य) नव्हते, मग त्याने ते घातले आणि ओबोच्या बऱ्याच जागा त्यांना देऊन टाकल्या. धून तीच, नुसता रंग बदलायला एवढा खटाटोप! बरोकमधे असं कोणी करतच नव्हतं असं नाही, पण आता ती सवयच झाली.

आता बीथोवेनची पाचवी सिंफनी लावा, पहिलाच भाग. सुरुवातीचं ते ट-ट-ट-टाऽऽ सगळ्यांना माहीत असते. पाऊणेक मिनिटाने सगळे थांबतात आणि दोन हॉर्न एकटेच जोरात हाक देतात, त्यानंतर मवाळ धून येते. पुढे तीच जागा परत येते, तेव्हा मात्र हाक हॉर्न देत नाहीत, बॅसून देतात! तर कावून? तेव्हाच्या हॉर्नला बटणंच नव्हती. एक लांब गुंडाळलेली नळी, तिच्यातून ठरावीकच स्वर निघणार, पट्टी बदलायची तर नळीचा एक तुकडा काढून दुसरा बसवायचा. पहिल्यांदा ती हाक ई फ्लॅट या पट्टीत आहे, हॉर्नही त्याच पट्टीचे. दुसऱ्यांदा पट्टी सी मेजर, आणि मधे तुकडा बदलायला वेळच नाही. म्हणून बॅसून. आजकाल बरेच कंडक्टर (समोर उभे राहून ऑर्केस्ट्रा चालवणारे) ती जागा हॉर्नलाच देऊन टाकतात, मला ते काही आवडत नाही, बॅसूनचा तो जरासा चिरका आवाजच मजा आणतो.

बटणं आली १८१८ च्या आसपास, जर्मनीत. धरमपेठेतून वरात जाते तेव्हा बँडवाल्याच्या ट्रम्पेटवर तीन बटणं दिसतात नं, तीच. त्यामुळे हॉर्न, ट्रम्पेट कुठल्याही पट्टीत कुठलाही स्वर काढायला लागले आणि लिहिणाऱ्यांचे हात मोकळे झाले. वॅग्नरने 'ऱ्हाइनगोल्ड' या ऑपेराच्या सुरुवातीला आठ हॉर्न एकामागून एक आणले, १३६ मात्राखंड एकाच ई फ्लॅटच्या सुरावटीवर, आणि गंमत अशी की हॉर्नच्या त्या सुरुवातीच्या धूनमधे जुन्या बिनबटणाच्या हॉर्नचेच स्वर आहेत. महलर तर पहिल्या सिंफनीच्या शेवटी हॉर्नवाल्यांना चक्क उभं राहायला सांगतो.

पण मुलाला शेवटचा धक्का द्यायचा तर राव्हेलचं 'बोलेरो', १९२८चं. तिथे एका फेरीत धून हॉर्न वाजवतो, वर दोन पिकोलो (छोट्या बासऱ्या) आणि सेलेस्टा (घंट्यांसारखा वाजणारा छोटा पियानो) तीच धून वेगवेगळ्या उंचीवर अगदी हलक्याने वाजवतात, आणि कानाला चार वाद्यं वेगळी ऐकूच येत नाहीत, चर्चच्या ऑर्गनसारखं एकच नवीन वाद्य ऐकू येते. धून वाजवणारे चारच बरं का! आणि त्याच्या दहा वर्षं आधी स्ट्राविन्स्कीने 'सोल्जर्स टेल' हे संगीत-नाट्य सात वाजवणाऱ्यांत भागवलं होतं, म्हणजे चिरंजीवांचा आकड्यांचा हिशोब तिथेच बुडाला.

प्रश्न : हातात काडी घेतलेला कंडक्टर आधीपासून होता का?

उत्तर : नाही. बरेचदा हार्पसीकॉर्डवाला किंवा पहिला व्हायोलिनवाला मान हलवून सांभाळून घ्यायचा. फ्रान्समधे ल्युली नावाचा संगीतकार जड काठी जमिनीवर आपटून ताल द्यायचा, ती स्वतःच्याच पायावर बसली, जखम चिघळली आणि १६८७ मधे गेला बिचारा. छोट्या काडीचा माणूस रुजला तो १९व्या शतकात, कारण वर सांगितलं तसं लिखाण एवढं गुंतागुंतीचं झालं की वाजवता वाजवता सांभाळणं कोणालाच जमेना.

प्रश्न : प्रत्यक्ष ऐकायचं तर?

उत्तर : पूर्ण ऑर्केस्ट्रा ऐकायचा तर मुंबई. नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, २००६ पासून. तिकीट काढताना बाल्कनी बघा, अगदी समोर बसलं की व्हायोलिनंच दिसतात, मागचे हॉर्नवाले झाकले जातात.