'ह्युमिलिटी'ला 'नम्रता' म्हणावे काय?

कॅथलिक संतांच्या आध्यात्मिक लेखनाचा अनुवाद करताना 'ह्युमिलिटी'साठी 'नम्रता', 'दीनता' आणि 'लीनता' यांपैकी कोणता शब्द घ्यावा, असे एका वाचकाने विचारले आहे. 'नम्रता' घेऊ नये, एवढे उत्तर आधीच देऊन टाकतो. 'मी नम्रपणे नमूद करू इच्छितो' अशी सुरुवात करून पुढे अर्धा तास स्वतःची थोरवी गाणारे वक्ते ऐकून ऐकून या शब्दात माझ्या कानाला आता निव्वळ शिष्टाचार ऐकू येतो. संत फ्रान्सिस डी सेल्स यांनी १६०९ साली नेमके यावरच बोट ठेवले होते: आपण कोणीच नाही असे आपण म्हणतो खरे, पण समोरच्याने ते खरे मानले तर आपल्याला वाईट वाटते.

मूळ लॅटिन शब्द 'हुमिलितास' हा 'हुमिलिस', म्हणजे जमिनीलगतचा, यावरून आला आणि 'हुमिलिस' आला 'हुमुस'वरून. हुमुस म्हणजे भुई. आपण मृदाशास्त्रात ज्याला ह्यूमस म्हणतो तोच हा शब्द. सेव्हिलचे संत इसिदोर (मृत्यू ६३६) यांच्या व्युत्पत्तिकोशातील अनेक व्युत्पत्त्या आज हसू आणतात, परंतु 'हुमिलिस म्हणजे जणू भुईकडे कललेला' असे सांगताना त्यांनी मुळालाच हात घातला. माणसासाठीचा लॅटिन 'होमो' हा शब्दही याच मातीतला आहे.

खरी गंमत पुढे आहे. या 'हुमुस'चे संस्कृत भावंड म्हणजे 'क्षम्', पृथ्वी. अमरकोशात पृथ्वीच्या नावांत 'क्ष्मा' येते ती याच घराण्यातली. 'क्षमा' या शब्दालाही संस्कृतात पृथ्वी हा अर्थ आहे. सहन करणे या अर्थाचा 'क्षम्' धातू वेगळा आहे, असे भाषाशास्त्रज्ञ बजावतात आणि ते मला मान्यही आहे; पण ज्या भाषेने पृथ्वीला 'सर्वंसहा' म्हटले, तिच्या बोलणाऱ्यांच्या मनात हे दोन शब्द शतकानुशतके शेजारी राहूनही एकमेकांत मिसळलेच नसतील, यावर माझा काही केल्या विश्वास बसत नाही. तसे असेल, तर 'ह्युमिलिटी'ची सख्खी मावसबहीण 'क्षमा' आपण रोज उच्चारतो आणि तिला ओळखत नाही.

'ह्युमिलिटी' म्हणजे स्वतःचा अपमान करून घेणे, असे एक अनुवादक ठासून सांगतात. 'ह्युमिलिएशन' (अपमान) हा शब्द त्याच मुळाचा आहे, हा त्यांचा पुरावा. मूळ एकच आहे, याबद्दल वाद नाही. परंतु मुळावरून अर्थ ठरत असता, तर 'ह्यूमस'ही अपमानास्पद ठरला असता. क्लेअरव्होचे संत बर्नार्ड यांनी अपमान हा ह्युमिलिटीकडे नेणारा मार्ग आहे, असे लिहिले. मार्गालाच मुक्काम समजण्याची चूक त्यांनी केली नाही. आविलाची संत तेरेसा हिने १५७७ सालच्या आपल्या ग्रंथात ह्युमिलिटीची व्याख्या 'सत्यात चालणे' अशी केली आहे. सत्यात चालणाऱ्याला स्वतःचे दोष झाकता येत नाहीत, तसेच मिळालेली देणगीही नाकारता येत नाही. म्हणून केविलवाणेपणाची छटा असलेली 'दीनता'ही येथे बाद होते. संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकातील आपल्या नियमावलीत याच गुणाच्या बारा पायऱ्यांची शिडी मांडली; तिच्यावर माणूस गर्वाने खाली उतरतो आणि ह्युमिलिटीने वर चढतो. भुईला लागून वर जाण्याची ही उलटी चाल 'नम्' धातूतील वाकण्यात मावत नाही, कारण वाकलेला माणूस पुढच्याच क्षणी ताठ उभा राहू शकतो.

राहिली 'लीनता'. 'ली' धातूत चिकटणे आणि विरघळणे हे दोन्ही अर्थ असल्यामुळे हा शब्द भुईला धरून राहण्याच्या जवळ येतो, जरी विरघळण्याची छटा तेरेसाच्या व्याख्येपेक्षा थोडी पुढे जात असली तरी. अनुवादकाने तोच घ्यावा, आणि तो प्रथम येईल तेथे तळटिपेत 'हुमुस'चा अर्थ द्यावा.